‘पोस्टमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांसाठी

“अगं, एवढं काय त्यात? पोस्टमध्ये बघू!”

मित्र-मैत्रिणींनो, गेल्या गॅदरिंगच्या आधीच्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी स्वतः किमान पन्नास वेळा बोलले असेन. शूटिंग संपल्यावर कॉम्प्युटरवर जे काम चालतं ते पोस्ट-प्रॉडक्शन, आपल्या भाषेत ‘पोस्ट’. भिंतीवर मेसचा मेनू दिसतोय? पोस्टमध्ये काढू. उजेड कमी पडलाय? पोस्टमध्ये वाढवू. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं उरकू म्हणणारे आपण इंजिनीअरिंगवाले, आपल्याला हे वाक्य नाही आवडणार तर कोणाला?

हे वाक्य महागात पडतं, आणि ज्याने ते उच्चारलं त्याला नाही, भलत्याच माणसाला पडतं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. कमी बजेटच्या फिल्ममध्ये स्पेशल इफेक्ट्स पैशाअभावी फसतात असं आपण समजतो. माझं मत असं की ते कागदाअभावी फसतात.

आधी आमची फजिती सांगते. आमच्या शॉर्ट फिल्मची गोष्ट साधी होती. परीक्षेमुळे आजीच्या शेवटच्या आजारपणात घरी जाऊ न शकलेली एक हॉस्टेलची मुलगी. रात्री कॉरिडॉरमध्ये तिला आजी दिसते, तिच्याकडे चालत येते, थांबते आणि हळूहळू हवेत विरून जाते. डायरेक्टर मी. एकूण बजेट ३,२०० रुपये, त्यातले निम्मे चहा-वडापावमध्ये गेले. कॉम्प्युटरवरचं सगळं काम आमच्या विंगमधल्या सेकंड इयरच्या एका मुलीकडे होतं. तिला ते येतं म्हणून नव्हे, तर तिचा लॅपटॉप बरा आहे म्हणून!

मी कॉरिडॉरचा शॉट मोबाइल हातात धरून, चालत चालत घेतला. ‘सिनेमॅटिक’ दिसायला हवा ना! आजीला मात्र कॉमन रूममध्ये हिरव्या कापडापुढे जागच्या जागी चालायला लावलं. कापड मंडपवाल्याकडून आणलेलं, चमकणारं, घड्यांचं. वर दोन ट्यूबलाइट. आणि आजी झालेल्या मैत्रिणीने नेसलेल्या लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा असावा? हिरवा!

हिरवा पडदा कसा चालतो हे थोडक्यात सांगते. सॉफ्टवेअरला आपण सांगतो की हा अमुक हिरवा रंग जिथे असेल तिथे भोक पाड, त्यातून मागचं दुसरं चित्र दिसू दे. हिरवाच का? एक तर माणसाच्या कातडीच्या रंगापासून तो लांब आहे. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल आणि निळ्याच्या दुप्पट हिरवे ठिपके असतात, त्यामुळे हिरव्याची माहिती सर्वांत स्वच्छ मिळते. पण सॉफ्टवेअरला काठ आणि कापड यांतला फरक कळत नाही. आमच्या आजीचा काठ पहिल्या फटक्यात गायब झाला आणि तिच्या कमरेतून कॉरिडॉर दिसायला लागला. कापडाच्या प्रत्येक घडीत हिरव्याची वेगळी छटा. आजी कापडाला जवळजवळ टेकून उभी, त्यामुळे तिच्या पांढऱ्या केसांवरही हिरवट झाक.

त्यात आणखी एक तांत्रिक भानगड. मोबाइल व्हिडिओ साठवताना जागा वाचवतो. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, पण रंगाची माहिती साधारणपणे चार पिक्सेल मिळून एकदाच. डोळ्याला हे कळत नाही, कारण डोळा उजेडाला जास्त जागतो, रंगाला कमी. पण हिरवा पडदा कापण्याचं काम सगळं रंगावरच चालतं! म्हणून कडा दातेरी येतात. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये सॅम्पलिंगवर मार्क मिळवलेल्या आम्हा शहाण्यांपैकी एकीच्याही डोक्यात हे शूटिंगच्या वेळी आलं नाही.

मग काय उरलं? रोटोस्कोपिंग. म्हणजे फ्रेममधल्या माणसाच्या कडेने हाताने रेघ ओढायची आणि त्याला मागच्या चित्रातून कापून काढायचं. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी जीटी मारलेली आहे, खाली ट्यूब, वर काच, वर मित्राची शीट. रोटो म्हणजे जीटीच. फक्त जीटीमध्ये शीट एक असते. आमचा मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम्स घेत होता. शॉट २० सेकंदांचा. गुणाकार करा, ६०० शीट्स! सॉफ्टवेअर मधल्या काही फ्रेम्स स्वतः भरतं हे खरं, पण पदर हलत होता, केस उडत होते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फ्रेम दुरुस्त करावी लागली. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तरी २,४०० मिनिटं, म्हणजे ४० तास.

हे ४० तास त्या मुलीने चार रात्रींत काढले. मी मधून मधून जाऊन “होईल ना गं?” विचारत होते. ती म्हणायची, “होईल, ताई.” चौथ्या रात्रीनंतर सकाळी दहाला तिची युनिट टेस्ट होती. फाईल सेव्ह करून ती टेबलावर डोकं टेकून पाच मिनिटं पडली, ती साडेअकराला उठली. टर्मवर्कमधले ते मार्क गेले ते गेलेच. घरी तिने तब्येत बरी नव्हती म्हणून सांगितलं.

आणि फिल्म? कॉरिडॉर हलतोय, आजी मात्र स्थिर, त्यामुळे आजी चालत नव्हती, स्केटिंग करत होती! ज्या ठिकाणी लोकांचे डोळे भरून यायला हवेत तिथे अख्खा हॉल खदखदून हसला. शेवटी नावांच्या पाटीवर झळकलं, ‘व्हीएफएक्स : टीम’. पाटी मी आधीच बनवून ठेवली होती. पाटीवर माझं नाव मात्र दोनदा होतं.

सर्वांत वाईट गोष्ट पुढे आहे. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, “ताई, कॅमेरा हलवला नाही तर नाही का चालणार?” मी म्हणाले होते, “अगं, सिनेमॅटिक नाही वाटणार.”

असो. गॅदरिंगनंतर महिन्याभराने आम्ही तो शॉट पुन्हा घेतला, तिच्या पद्धतीने. सर्व्हे लॅबमधल्या सरांच्या पाया पडून थिओडोलाइटचा ट्रायपॉड मिळवला आणि त्यावर मोबाइल करकचून बांधला. फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स लॉक केलं, नाहीतर माणूस फ्रेममध्ये आला की मोबाइल आपोआप उजेड बदलतो. आजी त्याच कॉरिडॉरमध्ये, त्याच ट्यूबखाली खरीखुरी चालत आली आणि थांबली. मग आजीला बाजूला करून रिकामा कॉरिडॉर दहा सेकंद तसाच घेतला. याला ‘क्लीन प्लेट’ म्हणतात. कॉम्प्युटरवर पहिलं चित्र तीन सेकंदांत दुसऱ्यात विरघळवलं. बस्स! शूटिंगला चाळीस मिनिटं, कॉम्प्युटरवर दहा. आजी विरून गेली आणि जमिनीवर पडलेली तिची सावलीसुद्धा तिच्याबरोबर विरून गेली. सावली आम्ही लावली नव्हती, ती खरीच होती. कॉमन रूममध्ये पंधराजणी बघत होत्या, एकही हसली नाही.

हा काही नवा शोध नाही. कॅमेरा जागचा न हलवता माणूस गायब करण्याची युक्ती फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस १८९६ पासून करत होता. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आणला आणि पुढे ‘लंकादहन’ (१९१७), ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांत चमत्कारांची रेलचेल केली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फाळके म्हणजे जनरल नॉलेजमधला एक मार्क होता, ‘फादर ऑफ इंडियन सिनेमा’, संपलं. मेलिएसच्या चंद्राच्या डोळ्यात घुसलेल्या रॉकेटचं चित्र मला लहानपणापासून ठाऊक, पण आमच्या नाशिककडचा हा माणूस जादूचे प्रयोग करायचा, फोटोग्राफर होता, छापखान्याचं काम जाणत होता, हे मला विसाव्या वर्षी कळलं. ही चूक शाळेची म्हणा, माझी म्हणा.

फाळक्यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट वाटाण्याची आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला भांडवल नव्हतं. तेव्हा, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि रोप वाढेल तसतशा थोड्या थोड्या फ्रेम्स घेत गेले. पडद्यावर वाटाणा मिनिटाभरात उगवून वर आला! ‘अंकुराची वाढ’ नावाच्या या चिमुकल्या फिल्ममुळे त्यांना पैसे लावणारा माणूस मिळाला. आजच्या भाषेत हा टेस्ट शॉट. मोठं काम करण्याआधी छोटं करून बघायचं आणि दाखवायचं. खर्च म्हणाल तर एक कुंडी, थोडी फिल्म आणि पुष्कळसा धीर.

त्या काळी ‘अनडू’ नव्हतं. एकाच फिल्मपट्टीवर दोनदा चित्र घ्यायचं तर फिल्म मोजून मागे फिरवावी लागे. चुकलं की नाही हे धुतल्यावरच कळणार. म्हणून ते लोक आधी विचार करत, मग हँडल फिरवत. आपल्याला अनडू मिळालं आणि आपण नेमका विचार करणं सोडलं.

आणि फाळक्यांच्या घरी या सगळ्यामागे कोण होतं? सरस्वतीबाई. कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पहिली ‘पोस्ट’ त्यांनीच सांभाळली म्हणायला हरकत नाही. आपल्यापैकी कितीजणांना हे नाव माहीत आहे? मला नव्हतं.

पैसे नसले तरी युक्ती असावी याचं दुसरं उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच आहे, मालेगावचं. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी स्थानिक मंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्यांच्या धडपडीवर २००८ साली फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला तो याच कहाणीवर. त्यांचा सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा हडकुळा माणूस, आणि त्याला उडवायला एक हिरवा कपडा. माहितीपट बघताना आपण हसतो, पण त्यांना हसत नाही, त्यांच्याबरोबर हसतो. कारण इफेक्ट कच्चा दिसणार हे त्यांनी आधीच ओळखलंय आणि गोष्टच विनोदी निवडलीय. आम्ही रडवणारी गोष्ट घेतली आणि हसवणारा इफेक्ट दिला. प्लॅनिंग म्हणजे हेसुद्धा, आपल्याला जे जमतं ते ज्या गोष्टीत शोभेल तीच गोष्ट निवडायची.

परदेशातलंही बघा. गॅरेथ एडवर्ड्सने ‘मॉन्स्टर्स’ (२०१०) अगदी मूठभर माणसं घेऊन शूट केला आणि सुमारे २५० इफेक्ट शॉट्स घरी बसून स्वतः केले. राक्षस पडद्यावर फार थोडा वेळ दिसतात. बाकी वेळ त्यांची भीती दिसते, रस्त्यावरच्या खऱ्या पाट्यांवर कॉम्प्युटरने बदललेल्या धोक्याच्या सूचनांमधून. पाटी बदलणं स्वस्त, राक्षस चालवणं महाग! जपानचा ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) घ्या. ३५ जणांच्या टीमने ६१० इफेक्ट शॉट्स केले आणि २०२४ चं ऑस्कर नेलं. तो आपल्या अर्थाने ‘लो बजेट’ नव्हे, पण त्या स्पर्धेतल्या हॉलिवूडच्या खर्चापुढे किरकोळच. त्याचा दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी हाच इफेक्ट्सचाही प्रमुख होता. शॉट ठरवणारा आणि तो निस्तरणारा माणूस एकच! ‘पोस्टमध्ये बघू’ असं तो कोणाला म्हणणार? स्वतःलाच ना?

आता कोणी म्हणेल, हल्ली एआय आहे, रोटो एका क्लिकवर होतो. होतो, बऱ्याच वेळा चांगला होतो, मीही वापरते. पण अंधुक उजेड, उडते केस, पारदर्शक पदर आला की तोही अडखळतो. शिवाय आजीवर उजेड डावीकडून आणि कॉरिडॉरमध्ये उजवीकडून असेल तर कापणी कितीही स्वच्छ झाली तरी डोळ्याला खोटं वाटणारच. उजेड कुठून येणार हे शूटिंगच्या आधी ठरवायचं असतं आणि ते आपणच ठरवायचं असतं. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत ही सबबही आता चालत नाही. ‘ब्लेंडर’ २००२ पासून सर्वांना खुलं आणि फुकट आहे. लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाने त्यातच ‘फ्लो’ ही अॅनिमेशन फिल्म केली आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळवलं.

दुसरा आक्षेप, एवढं प्लॅनिंग केलं तर क्रिएटिव्हिटी मरते. मला विचाराल तर उलट आहे. आमच्या नव्या फिल्ममध्ये पाण्याची टाकी फुटते. खरी टाकी फोडली तर रेक्टर आम्हाला फोडतील, म्हणून १:१६ मापाचं मॉडेल करतोय. छोटं मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं? कारण ते पडतं पटकन. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे आपण अकरावीत शिकलो. १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे वस्तू चौपट लवकर पडणार. म्हणून शूटिंग चौपट वेगाने करायचं, सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम्स, आणि दाखवायचं २४ ने. आपल्या मोबाइलचा स्लो मोशन १२० फ्रेम्स देतोच. धुळीला मैदा, धुराला उदबत्ती. (पाण्याचे थेंब काही छोटे होत नाहीत, त्यावर अजून डोकं खाजवतोय.) ही गंमत कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावरच सुचली. आपण चार वर्षं डिझाइन आधी आणि मशीनवर जॉब नंतर हेच तर शिकतो. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगशिवाय जॉब लावला तर सर बाहेर काढतात. मग कॅमेरा हातात आला की आपली अक्कल कुठे जाते?

म्हणून आपल्या फिल्म क्लबपुढे, आणि हे वाचणाऱ्या सर-मॅडमपुढेही, माझ्या चार मागण्या आहेत.

एक. प्रत्येक इफेक्ट शॉटची एक शीट हवी. कॅमेऱ्याची उंची, अंतर, उजेडाची दिशा, खरं काय, नंतर घालायचं काय, शॉट किती सेकंदांचा, म्हणजे फ्रेम्स किती, आणि त्याला माणसाचे तास किती. शेवटचा आकडा सर्वांत ठळक लिहायचा. आमच्या शीटवर ‘४० तास’ लिहिलेलं असतं तर तो शॉट मी घेतलाच नसता.

दोन. शूटिंगच्या आठवडाभर आधी टेस्ट शॉट. त्याच कपड्यांत, त्याच जागी दोन सेकंद शूट करून शेवटपर्यंत पूर्ण करून बघायचे. आमचा हिरवा काठ तिथेच पकडला गेला असता.

तीन. कॉम्प्युटरवर बसणारी व्यक्ती शूटिंगला हजर पाहिजे आणि तिने “थांबा” म्हटलं की डायरेक्टरने थांबायचं, मग ती ज्युनियर का असेना. पाटीवर तिचं नाव पूर्ण लिहायचं. आणि टेस्टच्या आठवड्यात कोणालाही कामाला बसवायचं नाही.

चार, ही सर-मॅडमसाठी. कपाटात कुलूपबंद असलेला क्लबचा ट्रायपॉड तीन सह्यांऐवजी एका सहीवर मिळावा. आमचं अर्धं पोस्ट तिथेच संपेल!

नव्या फिल्मच्या मीटिंगला मी तिला बोलवायला गेले तेव्हा ती लगेच “हो” म्हणाली नाही. आधी म्हणाली, “ताई, शीट दाखवा.” मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. शीट तिने वाचली, दोन शॉट्सवर काट मारली आणि मगच आली. तिच्या मार्कांची भरपाई मला करता येणार नाही. कमी बजेटची फिल्म म्हणजे फुकटची फिल्म नव्हे, जे पैशात दिलं नाही ते कोणीतरी झोपेत दिलेलं असतं, एवढं मी त्यातून शिकले.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कोणी ऐटीत म्हणालं, “पोस्टमध्ये बघू”, तर त्याला एकच विचारा. कोण बघणार, आणि किती रात्री?